एक कागद, चौघांचे रंग

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी कोणत्याही वाड्यात, चाळीत किंवा सोसायटीच्या जिन्यापाशी एक दृश्य हमखास दिसते. सात-आठ वर्षांची मुलगी रांगोळीचे ठिपके जोडीत असते. तिची रेघ एका ठिपक्याला चुकवून पुढे निघून जाते. शेजारी उभे असलेले मोठे माणूस, मग ती आई असो, काकू असो वा आजी, खाली वाकते, बोटाने ती रेघ पुसते आणि चिमटीत रांगोळी घेऊन नेमकी रेघ ओढून देते. त्यात राग नसतो, मायाच असते. मात्र त्यानंतर बहुधा असे घडते की मुलगी हात झटकून बाजूला उभी राहते आणि उरलेली रांगोळी मोठी माणसे पूर्ण करतात. रांगोळी सुरेख होते. ती आता कुणाची आहे, हा प्रश्न कुणी विचारीत नाही.

कुटुंबाच्या आरोग्याची चर्चा करताना आपण आहार, व्यायाम, झोप आणि औषधे यांविषयी पुष्कळ बोलतो. घरातल्या माणसांनी एकमेकांच्या हातातले काम किती वेळा काढून घेतले, याची नोंद मात्र कोणत्याही तपासणीच्या अहवालात येत नाही. वस्तुतः तीही आरोग्याचीच बाब आहे. सारे काही आपल्या मनाप्रमाणे व्हावे म्हणून जो सदैव सावध असतो, त्याचे मन थकते. आणि ज्याच्या हातून काम वारंवार काढून घेतले जाते, त्याचा स्वतःवरचा विश्वास उणावतो. एकाच सवयीपायी घरातली दोन माणसे कोमेजतात. ही सवय उपदेशाने सहसा सुटत नाही, कारण ती विचारात कमी आणि हातात अधिक मुरलेली असते. हाताची सवय हातानेच सोडवावी लागते. त्यासाठी एक साधा मार्ग आहे आणि अनेक उपचारतज्ज्ञांनी तो वापरलेला आहे: एकाच कागदावर सर्वांनी मिळून एक चित्र काढणे.

पकड कशासाठी?

प्रथम हे मान्य करावयास हवे की, पकड ठेवण्याची इच्छा हा मनाचा दोष नव्हे. आपल्या कृतीने काहीतरी घडते, या जाणिवेवर माणूस उभा असतो. तान्हे मूल खुळखुळा पुन्हा पुन्हा खाली टाकते आणि कुणीतरी तो उचलून देते, तेव्हा त्याला जो आनंद होतो तो याच जाणिवेचा. अडचण तेथे सुरू होते, जेथे आपला हात पोहोचत नाही अशा ठिकाणीही तो पोहोचतो असे आपण धरून चालतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. कार्यालयांत काम करणाऱ्या लोकांना एक डॉलर किमतीची सोडतीची तिकिटे विकण्यात आली. काहींना आपले तिकीट स्वतः निवडू दिले. इतरांच्या हाती एक तिकीट नुसते ठेवले. सोडतीपूर्वी, हे तिकीट दुसऱ्याला विकायचे झाले तर किती घ्याल, असे सर्वांना विचारले. ज्यांना तिकीट नुसते मिळाले होते त्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास रक्कम सांगितली. ज्यांनी ते स्वतः निवडले होते त्यांची सरासरी साडेआठ डॉलरच्या वर गेली. दोन्ही तिकिटांना बक्षीस लागण्याची शक्यता अगदी सारखी होती. तरीही ‘मी निवडले’ एवढ्याच भावनेने ते तिकीट अधिक मोलाचे झाले. या वृत्तीला लँगर यांनी ‘नियंत्रणाचा आभास’ असे नाव दिले. मूल परीक्षेला बसलेले असताना शाळेच्या फाटकाबाहेर येरझाऱ्या घालणारे वडील आणि ते तिकीट हाती धरून बसलेला माणूस यांच्यात फारसे अंतर नाही.

पुढच्याच वर्षी लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात, वृद्धांमध्ये झाला होता. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, खोलीची मांडणी कशी असावी, वेळ कसा घालवावा, हे ठरविणे तुमच्या हाती आहे. प्रत्येकाला एक रोपटे स्वतः निवडू दिले आणि त्याची निगाही त्यानेच राखावयाची होती. चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा हेही त्यांनीच ठरवायचे होते. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटे मिळाले, परंतु त्याला पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे होते आणि चित्रपटाची रात्र ठरवून दिलेली होती. सेवेत उणीव कोठेच नव्हती. तीन आठवड्यांनंतर पाहता पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक तरतरीत, अधिक क्रियाशील आणि अधिक समाधानी आढळले. सहभागी वृद्धांची संख्या शंभराच्या आत होती. म्हणून एवढ्या अभ्यासावर मोठा सिद्धांत उभारणे योग्य नव्हे; परंतु घरात आजारी वा वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाने त्यावर क्षणभर थांबून विचार करावा, असे त्यात निश्चित काही आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या परिचारिका प्रेमळच होत्या. पण पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे असल्यामुळे ते त्या वृद्धांकडे नव्हते. घरातही नेमके हेच घडते. निर्णय घेण्याची, करून पाहण्याची, चुकण्याचीसुद्धा संधी एका माणसाकडे गोळा होते आणि इतरांच्या वाट्याला नुसती सेवा येते. म्हणून पकड सैल करणे म्हणजे काहीतरी वाऱ्यावर सोडून देणे, असे समजण्याचे कारण नाही. आपण जे सोडतो ते घरातल्याच कुणाच्या तरी हाती जाते. सोडणाऱ्याच्या लक्षात हे एकदा आले, की सोडण्याचे दुःख बरेच कमी होते.

कागदावर दिसणारे घर

हे समजणे आणि अंगवळणी पडणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कमी करण्यासाठी कला-उपचाराच्या क्षेत्रात काही सुंदर रीती घडल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या हन्ना क्वियाटकोव्स्का यांनी संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवून चित्रे काढण्याची पद्धत विकसित केली आणि 1978 साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या पद्धतीतील एक भाग असा होता: प्रत्येकाने कागदावर मनमोकळ्या गिरगोट्या मारावयाच्या, मग त्यांतली एक सर्वांनी मिळून निवडावयाची आणि तिच्यातून सर्वांनी मिळून एक चित्र घडवावयाचे. गिरगोटीचा गुण असा की, तिच्यामागे कुणाचाही आराखडा नसतो. तिला बरोबर वा चूक ठरविण्यासाठी लागणारा नमुनाच कुणाजवळ नसतो.

लॉस एंजेलिस येथील कला-उपचारतज्ज्ञ हेलन लँडगार्टन यांची रीत याहून सोपी आणि अधिक बोलकी आहे. कुटुंबातील प्रत्येकाने एक वेगळा रंग निवडावयाचा आणि अखेरपर्यंत तोच वापरावयाचा. कागद सर्वांना मिळून एकच. चित्र पूर्ण होईपर्यंत कुणी कुणाशी बोलावयाचे नाही, खुणाही करावयाच्या नाहीत. चित्र संपले की त्याला सर्वांनी मिळून नाव द्यावयाचे. नंतर तो कागद पाहिला, तर घराचा नकाशाच समोर येतो. पहिली रेघ कुणी ओढली? कुणाचा रंग चारही कोपऱ्यांत पसरला? कुणाचा रंग एका कडेला आक्रसून बसला? कुणी दुसऱ्याच्या आकृतीवरून रेघ मारली आणि कुणी तिच्या शेजारी आपली आकृती जोडली? रंग वेगवेगळे असल्यामुळे वाद घालावयास जागा उरत नाही. ‘मी काही कुणाच्या मध्ये येत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाचा हिरवा रंग तिघांच्या आकृतींवरून गेलेला कागदावर स्वच्छ दिसतो.

लंडनमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा खेळही येथे आठवतो. त्यांनी पॅडिंग्टन ग्रीन येथील बालरुग्णालयात सुमारे 40 वर्षे काम केले. मुलाशी पहिली भेट झाली की ते कागद-पेन्सिल घेऊन बसत. स्वतः एक अर्थहीन रेघ ओढीत आणि मुलाने तिचे काहीतरी करावे असे सुचवीत. मग मूल रेघ ओढी आणि तिचे काहीतरी करणे विनिकॉट यांच्याकडे येई. डॉक्टर म्हणून आपले आसन न राखता ते खेळातला दुसरा भिडू होत. या खेळाची खरी किमया त्या अदलाबदलीत आहे. आपली रेघ आपण पूर्ण करावयाची नाही. ती दुसरा पूर्ण करील आणि आपल्या मनात नव्हते असे काहीतरी तिच्यातून निघेल. आपण साप म्हणून काढलेल्या रेघेची मुलाने आगगाडी केली, तर ती आगगाडी आहे.

भिंतीवरचा चौक आणि अंथरुणातली गोधडी

ही उदाहरणे पाश्चात्त्य दवाखान्यांतली असली, तरी अनेक हातांनी एक वस्तू घडविणे आपल्याला मुळीच नवे नाही. पालघर जिल्ह्यातील वारली कुटुंबांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिला जातो. शेणाने सारवून गेरूने रंगविलेल्या भिंतीवर, बांबूच्या काडीचे टोक कुंचल्यासारखे करून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी तो रेखाटतात. मध्यभागी पालघाट देवीची जागा ठरलेली असते. चौकटीची नक्षी, झाडे, माणसे, पशुपक्षी यांवर मात्र अनेक हात फिरतात. चौकावर कुणाची सही नसते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगासमोर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्रीही मिळाली. तथापि, त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या हे काम बायकांच्या सामूहिक हातांनी चालत आले होते.

देशावरची वाकळ किंवा गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, त्यांवर ठिगळे मांडून शेजारणी चार कोपऱ्यांना बसतात आणि धावदोरा घालीत मध्याकडे सरकतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब. एकीची ओळ सरळ, दुसरीची किंचित कललेली. जाणती बाई गोधडी उलगडून कुठला भाग कुणी शिवला ते सांगू शकते. पण लांब टाका दिसला म्हणून कुणी तो उसवीत बसत नाही. गोधडीने ऊब द्यावी, टिकावी, एवढीच अपेक्षा असते, आणि ती सर्व टाके मिळून पूर्ण करतात.

या दोन्ही रीतींत एक शहाणपण दडलेले आहे. चौकात देवीची जागा ठरलेली आहे. गोधडीत थर किती आणि कड कशी हे आधी ठरते. एकदा एवढे ठरले की बाकीचे हात मोकळे. म्हणजे तेथे नियंत्रण नाहीसे झालेले नसते. ते एका माणसाकडून निघून सर्वांनी मान्य केलेल्या चौकटीकडे गेलेले असते. ज्या घरात चौकट स्पष्ट नसते तेथेच कुणा एकाला सतत लक्ष ठेवावे लागते. ‘रात्री दहानंतर मोबाईल दिवाणखान्यात ठेवायचा’ हे सर्वांनी, मोठ्यांनीही, मान्य केलेले असेल, तर रोज रात्री मुलाच्या खोलीत डोकावण्याची गरज उरत नाही.

घरी कसे करावे?

एखाद्या रविवारी सकाळी, न्याहारीनंतर, वीस-पंचवीस मिनिटे काढावीत. मोठा ड्रॉइंग पेपर घ्यावा. नसल्यास जुन्या कॅलेंडरची कोरी बाजूही चालते. तो चिकटपट्टीने मेजावर किंवा जमिनीवर पक्का चिकटवावा, म्हणजे कागद कुणा एकाकडे ओढला जाणार नाही. प्रत्येकाने तेलखडूचा एक रंग निवडावा. रंग निवडण्याची पहिली संधी घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीला द्यावी. ज्यांचा हात थरथरतो अशा ज्येष्ठांसाठी जाड खडू आणि ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांच्यासाठी गडद रंग बरा. खोडरबर आणि पट्टी मेजावर असू नये.

नियम तीनच ठेवावेत. पंधरा मिनिटे कुणी बोलायचे नाही. आपलाच रंग वापरायचा. दुसऱ्याने काढलेले पूर्ण झाकून टाकायचे नाही. त्याला जोडता येईल, त्याच्या शेजारी काढता येईल, त्यातून काही नवे उगवता येईल. विषय ठरवू नये. विषय ठरला की ‘घर असे नसते’, ‘झाड असे नसते’ या वाक्यांना वाट मिळते.

पंधरा मिनिटांनी खडू खाली ठेवावेत आणि प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात: मला येथे काय दिसते, आणि कोणत्या क्षणी माझा हात थांबला. ‘छान’, ‘वाईट’, ‘तू असे का केलेस’ हे शब्द त्या दिवसापुरते बाजूला ठेवावेत. शेवटी चित्राला सर्वांनी मिळून नाव द्यावे. नावावर एकमत होण्यास चित्राहून अधिक वेळ लागला, तर नवल मानू नये. तोही अभ्यासाचाच भाग आहे.

मुले लहान असतील तर दुसरा एक खेळ अधिक रंगतो. 1925 च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ, इव्ह तांगी, झाक प्रेव्हेर आदी अतिवास्तववादी मंडळी कागदाला घड्या घालून असेच खेळत असत. कागदाच्या पहिल्या घडीवर एकाने डोके काढावयाचे आणि मानेच्या दोन रेघा तेवढ्या पुढे दिसतील अशा बेताने घडी घालून कागद पुढे द्यावयाचा. दुसऱ्याने धड काढावयाचे, तिसऱ्याने पाय. घडी उलगडली की कुणीही न योजलेला प्राणी समोर उभा राहतो. आजोबांच्या पगडीवाल्या डोक्याला नातवाने लावलेले माशाचे शेपूट पाहून जे हसू फुटते, त्यात ‘माझे’ आणि ‘तुझे’ काही काळ विरघळून जाते.

चित्र काढण्याने ताण हलका होतो का, असे काही वाचक विचारतील. फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे चित्र, चिकटकाम किंवा मातीकाम केले. त्यापूर्वी आणि त्यानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण मोजले गेले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालेले आढळले, आणि पूर्वी कला शिकलेल्या व न शिकलेल्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्या प्रयोगात प्रत्येकजण आपापले काम करीत होता, हे लक्षात ठेवावे. एकाच कागदावर चौघे बसले की आरंभी ताण थोडा वाढतोही. तो वाढणे हेच या सरावाचे प्रयोजन आहे.

ते अर्धे मिनिट

आपण एक डौलदार झाड काढीत आहोत, अशी कल्पना करावी. फांद्या मनासारख्या आल्या आहेत. एवढ्यात समोरून एक लाल रेघ येते आणि आपल्या बुंध्याला छेदून पलीकडे जाते. रेघ ओढणाऱ्याला त्याचे काहीच वाटलेले नसते. आपल्याला मात्र वाटते. जबडा आवळला जातो, श्वास वर अडकतो, हात ती रेघ झाकावयास निघतो. बोलण्याला बंदी असल्यामुळे नेहमीचे वाक्य ओठांवर येऊन थांबते. या अर्ध्या मिनिटात काय करावे, हेच शिकावयाचे आहे.

त्या वेळी समोर तीन वाटा असतात. पहिली, दुरुस्ती करण्याची: रेघ आपल्या रंगात बुडवून टाकावी. दुसरी, माघार घेण्याची: ‘घ्या, तुम्हीच काढा’ असे मनात म्हणून खडू खाली ठेवावा. वरवर पाहता ही दुसरी वाट नियंत्रण सोडल्यासारखी भासते. प्रत्यक्षात तीही पकडच असते. माझ्या मनाप्रमाणे होणार नसेल तर मी नाहीच, असे तिचे म्हणणे असते. घरातले कित्येक अबोले याच वाटेने आलेले असतात. तिसरी वाट उत्तर देण्याची. ती लाल रेघ आता झाडाचा भाग आहे असे मानून पुढे जावे. तिला झोपाळ्याची दोरी करता येईल, पतंगाचा अडकलेला मांजा करता येईल, वाट चुकलेली वेल करता येईल. झाड आता मनातले राहिलेले नसते, पण त्याला एक कथा मिळालेली असते.

ही तिसरी वाट पहिल्या बैठकीत सापडेलच असे नाही. शरीराकडे लक्ष दिल्यास मदत होते. जबडा आवळला आहे हे ध्यानात आले, की एक दीर्घ श्वास सोडावा, खडू कागदापासून बोटभर वर धरावा आणि समोरच्या हाताकडे पाहावे. त्या हातालाही काहीतरी म्हणावयाचे आहे, एवढे दिसले तरी पुरे.

जे नेहमीच सोडत आले

आतापर्यंतचे सारे पकड घट्ट असलेल्यांसाठी झाले. प्रत्येक घरात याच्या उलट टोकावरही कुणीतरी असते. एखाद्या सुनेचा, एखाद्या धाकट्या मुलाचा, निवृत्त झालेल्या वडिलांचा रंग कागदाच्या कोपऱ्यात नखाएवढा असतो. त्यांनी नियंत्रण इतके सोडलेले असते की त्यांच्याकडे सोडण्यासारखे काही उरलेलेच नसते. अशा व्यक्तीला ‘समर्पण करा, सोडून द्या’ असा सल्ला देणे अन्यायाचे होईल. तिच्यासाठी या सरावाचा अर्थ वेगळा: कागदाच्या मध्यभागी एक ठसठशीत रेघ ओढणे आणि ती पुसली जात नाही हे डोळ्यांनी पाहणे. त्यासाठी दुसऱ्या फेरीत एक छोटा बदल करावा. पहिली पाच मिनिटे फक्त त्या व्यक्तीने काढावे, इतरांनी हात मांडीवर ठेवून पाहावे. मग इतरांनी तिच्या चित्राला जोडून काढावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत याचे मोल विशेष आहे. त्यांच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय, अंघोळीची वेळ, जेवणातले मीठ, खिडकी उघडी की बंद, इतरांकडे गेलेले असतात. कागदावरची वेडीवाकडी निळी रेघ ही कदाचित त्या दिवसातली त्यांची एकमेव स्वतंत्र कृती असेल. ती सरळ करावयास आपला हात पुढे जाऊ नये.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. औषधांची मात्रा, गॅसची शेगडी, रस्ता ओलांडणे, लहान मुलांची सुरक्षितता या बाबतींत पकड ढिली करणे हा शहाणपणा नव्हे. तसेच, सारे नेमके जागच्या जागी नसेल तर एखाद्याला झोप लागत नसेल, तीच तपासणी तो पुन्हा पुन्हा करीत असेल, किंवा घरात कुणी कुणाला पैसा, फोन, माहेरचे येणेजाणे यांबाबत धाकात ठेवीत असेल, तर तो प्रश्न रविवारच्या चित्राने सुटणारा नाही. पहिल्या प्रकारात मानसोपचारतज्ज्ञाची आणि दुसऱ्या प्रकारात समुपदेशक व कायदा यांची मदत विनाविलंब घ्यावी. धाकात असलेल्या माणसाला सर्वांसमोर ‘मोकळेपणी काढ’ म्हणणे हाही एक धाकच ठरतो.

कागदावरून घरात

हा सराव महिन्यातून दोनदा झाला तरी पुरेसा आहे. त्याचा उपयोग मात्र कागदापुरता राहू नये. प्रत्येक बैठकीनंतर घरातील ज्या व्यक्तीची पकड अधिक, तिने आपल्याकडचे एक छोटे काम पूर्णपणे दुसऱ्याकडे सोपवावे आणि पंधरा दिवस त्यात सूचना देऊ नये. मुलाने आपले दप्तर स्वतः भरावे आणि एखादे पुस्तक विसरले तर शाळेत त्याचे उत्तरही स्वतः द्यावे. आजोबांनी देवघरातील फुलांची मांडणी आपल्या मनाप्रमाणे करावी. रविवारचा स्वयंपाक मुलगा आणि वडील यांनी करावा, आणि फोडणी थोडी करपली तर त्या वासासह सर्वांनी जेवावयास बसावे. काम सोपविताना चौकट आधी स्पष्ट सांगावी. सोपविल्यानंतर ते कसे होते आहे हे पाहण्यासाठी दर दहा मिनिटांनी दाराशी येऊ नये. पाण्याची झारी हाती दिल्यावर रोपटे त्याचे झाले, हे लक्षात असू द्यावे.

चित्रे जपून ठेवावीत. मागे तारीख लिहावी आणि कोणता रंग कुणाचा तेही लिहून ठेवावे. तीन-चार महिन्यांनी पहिले आणि ताजे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. चित्रकलेत प्रगती झाली का, हे पाहण्याचे काहीच कारण नाही. कोपऱ्यातला रंग किती पुढे आला आणि चारही दिशांना पसरलेल्या रंगाने कुठे कुठे जागा ठेवली, एवढेच पाहावे.